आखडलेला ट्रक मोकळा करताना: खडबडीत वाटेवरच्या हादऱ्यांवर कमी खर्चाचे उपाय

पक्की सडक संपून दगडगोट्यांची वाट सुरू झाली, की रिकामा पिकअप ट्रक दहा मिनिटांत माणसाची हाडं खिळखिळी करतो. घरी परतल्यावर पहिला विचार येतो नव्या शॉकअपचा. मग कुणी गाडी उंच करणारं लिफ्ट किट सुचवतं, कुणी म्हणतं जाड पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) टाका, कुणी मोठ्या टायरचं डोक्यात भरवतं. पैसे मोजकेच असतात आणि ते नेमके चुकीच्या जागी जातात. नव्याने ट्रक घेतलेल्या कितीतरी जणांचं असं झालेलं मी पाहिलंय आणि दर वेळी हळहळ वाटलीय. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं एका दिवसाच्या मेहनतीने निम्म्यावर आलं असतं.

माझं सांगणं एवढंच आहे: नवीन काही बसवण्याआधी, जे बसवलेलं आहे ते नीट हलतंय का ते बघा. वापरातले बहुतेक ट्रक जितके कडक वाटतात तितके ते मुळात नसतात. ते आखडलेले असतात. टायरमध्ये हवा गच्च, पाट्यांच्या मध्ये गंज, सांध्यांतले रबरी बुश भलत्याच स्थितीत आवळलेले. हे सगळं मोकळं करायला पैसे फार लागत नाहीत, हात काळे करावे लागतात.

इथे मी मागे पाटे आणि पुढे कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी कांब) असलेला पिकअप धरून चाललोय. पुढेही पाटेच असतील तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील.

रिकामा ट्रकच जास्त का उडतो

हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. वजनाखाली स्प्रिंग किती दबते, त्यावर तिच्या झोक्याचा वेग ठरतो. उभ्या गाडीच्या वजनाने २५ सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदाला साधारण १ झोका घेते. ६ सेंटिमीटरच दबत असेल तर सेकंदाला २ झोके, आणि ३ सेंटिमीटर दबत असेल तर जवळजवळ ३. अंगाला बरा वाटतो तो सेकंदाला एक-दीड झोका. ट्रकचे मागचे पाटे भरलेल्या हौद्याचं वजन पेलायला बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की ते जेमतेम दबतात आणि प्रत्येक दगड थेट आपल्या कण्याला कळतो.

म्हणजे ट्रक कधी मोटारीसारखा चालणार नाही, हे मान्य करून कामाला लागायचं. पण मूळच्या पाट्यांच्या ताठपणावर गंज, घर्षण आणि हवेचा जो जादा ताठपणा चढलेला असतो, तो आपण काढू शकतो.

पायरी १: दुखणं नेमकं कुठलं ते ओळखा

तुमच्या नेहमीच्या वाटेवरचा अर्धा-एक किलोमीटरचा तुकडा निवडा. त्यात थोडे खड्डे, थोडे दगड आणि शक्य असेल तर पन्हळी पत्र्यासारखा लाटालाटांचा भाग असू द्या. दर वेळी तोच तुकडा, तोच वेग, तेवढंच सामान. मोबाइलमध्ये हादरे मोजणारं ॲप असेल तर फोन सीटच्या चौकटीला घट्ट बांधून नोंद ठेवा. नसेल तर वहीत दोन ओळी लिहा. एका वेळी एकच बदल करायचा, ही शिस्त मात्र सोडू नका. हवा, शॉकअप आणि सीट एकाच दिवशी बदललं, तर गुण कशाचा आला ते कधीच कळत नाही.

आता हादऱ्याची जात ओळखायला शिका. दात वाजतील अशी बारीक, सततची थरथर असेल तर संशय टायरच्या हवेवर आणि पाट्यांच्या घर्षणावर. खड्ड्यात चाक गेल्यावर एकच धातूचा ठोका बसत असेल तर ॲक्सल (दोन चाकांमधला आडवा दांडा) त्याच्या वरच्या रबरी ठोकळ्यावर, म्हणजे बंप स्टॉपवर, आदळतोय. खड्डा मागे पडल्यावरही गाडी दोन-तीनदा डुलत राहिली तर शॉकअप संपलाय. गाडी उंचवट्यावरून उतरताना, चाक खाली लोंबकळण्याच्या क्षणी ‘टक्’ असा ताण जाणवला, तर चाकाला खाली जायला जागा उरलेली नाही. आणि ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं, पण वेग बदलला की थांबतं, असं असेल तर आधी रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल बघा. मूठभर चिखलाने चाकाचा तोल जातो आणि माणसं सस्पेन्शन खोलायला बसतात.

पायरी २: हवा

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो आणि तो फुकट पडतो. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग. दगडावर चाक चढतं तेव्हा पाटे हलायच्या आधी टायर दबायला हवा. तो गच्च भरलेला असला की दगड न गिळता सरळ ॲक्सलला वर ढकलतो.

दाराच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर असतं. पुष्कळ पिकअपच्या स्टिकरवर मागच्या टायरसाठी दोन वेगळे आकडे असतात, एक रिकाम्या गाडीचा आणि एक भरलेल्या. नवीन माणूस हवा भरायला जातो आणि भरलेल्या गाडीचा आकडा सांगून येतो, मग रिकामी गाडी हाकतो. असं तुमचं होत असेल तर फक्त बरोबर आकड्यावर आलात तरी सडकेवरही फरक कळेल.

कच्च्या वाटेला लागताना सडकेच्या हवेतून साधारण चौथा हिस्सा कमी करून सुरुवात करा. थंड टायरमध्ये ३६ पीएसआय असेल तर २७. त्या तुकड्यावरून एकदा जाऊन या. अजून हादरे आहेत आणि वाट हळू चालण्याचीच आहे, तर आणखी २ ने उतरवा. दगडांवरून पायी चालल्याच्या वेगाने जायचं असेल तर १८ ते २० पर्यंत उतरता येतं. १५ च्या खाली नवीन माणसाने जाऊ नये, कारण वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. हौदा भरलेला असेल तर मागची हवा इतकी कमी करायचीच नाही.

हवा कमी केली की वेग कमी करायचा. दबलेला टायर प्रत्येक फेरीत वाकतो, वाकला की तापतो, आणि तापलेला टायर फुटतो. २० च्या आसपास हवा असताना मी ताशी ३० किलोमीटरच्या वर जात नाही. परत सडकेला लागण्याआधी हवा भरायची, घरी जाऊन नाही.

यासाठी पहिली खरेदी करायची ती हवा मोजायच्या चांगल्या गेजची. पंपावरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. दुसरी खरेदी बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर. या दोन वस्तूंचा खर्च चांगल्या शॉकअपच्या एका जोडीच्या तुलनेत किरकोळ आहे.

टायर बदलायची वेळ आलीच असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. जास्त प्लायच्या (थरांच्या), जड वजनासाठीच्या टायरच्या भिंती जाड आणि ताठ असतात. तुम्ही जड माल वाहत नसाल तर तो ताठपणा विकत घेऊ नका. टायर आणि रिम जितके जड, तितकं त्यांना आवरणं शॉकअपला कठीण. रुबाबदार मोठ्या रिमवर पातळ भिंतीचा टायर चढवला की हादरे वाढणारच. लहान रिम आणि उंच भिंत हे कच्च्या वाटेचं जोडपं आहे, फक्त आतल्या ब्रेकला जागा पुरते का ते आधी बघून घ्या.

पायरी ३: बुश आणि शॅकल

आता गाडीखाली जायचंय. सपाट, टणक जागा बघा, चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावा. गाडी उचलायची झालीच तर चॅसीखाली (गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली) स्टँड लावल्याशिवाय अंग आत घालू नका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही, कधीही जायचं नाही.

पाट्याचं एक टोक चॅसीला पक्कं बसवलेलं असतं आणि दुसरं शॅकलच्या दोन पट्ट्यांमध्ये लटकलेलं असतं. पाटा दबला की तो सरळ होतो, म्हणजे लांब होतो. ती लांबी शॅकल मागे झुलून सामावून घेतो. शॅकल झुलला नाही तर पाटा दबूच शकत नाही, मग तो कितीही मऊ असो.

बहुतेक गाड्यांत या सांध्यांवर रबरी बुश असतात. बुशच्या मधली लोखंडी नळी बोल्टने दोन्ही बाजूंनी आवळली जाते आणि झुलताना मधलं रबर पिळलं जातं. गंमत इथेच आहे. कुणी गाडी जॅकवर घेऊन, चाकं लोंबकळत असताना हे बोल्ट आवळले असतील, तर रबराची ‘सरळ’ स्थिती तीच ठरते. गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि पाट्याला सतत उलटं ढकलत राहतं. गाडी थोडी उंच दिसते, ताठ चालते आणि बुश लवकर फाटतात.

माझ्या ट्रकवर हेच झालं होतं. आदल्या मालकाच्या काळात कुणीतरी मागचे पाटे उतरवून परत बसवले होते. गाडी चाकांवर उभी ठेवून मी शॅकलच्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारला, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी लांब पाना लावून डाव्या बाजूचा वरचा नट अर्धा फेरा सैल केला. आधी काहीच झालं नाही. मग दाराची कडी जुनी झाल्यावर करते तसा लांबलचक ‘कर्रर्र’ आवाज आला, शॅकल डोळ्यांसमोर मागे सरकला आणि हौद्याचा तो कोपरा बोटभर खाली बसला. उजवीकडेही तेच. हौद्यावर उभं राहून चार उड्या मारल्या, गाडी आपल्या जागी बसू दिली आणि त्याच स्थितीत, चाकांवर वजन असताना, बोल्ट पुन्हा आवळले. खर्च फक्त त्या स्प्रेचा. त्याच संध्याकाळी त्याच वाटेवर गेलो आणि लाटालाटांच्या भागावर पहिल्यांदा आरशातलं चित्र स्थिर दिसलं.

तुम्ही हे करताना बोल्ट पूर्ण काढू नका, फक्त सैल करायचेत. बाजूला कुणी उभं असू द्या, हात शॅकल आणि चॅसीच्या मध्ये घालू नका. परत आवळताना गाडीच्या मॅन्युअलमधला टॉर्कचा, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचा, आकडा पाळा. रबर फाटलेलं, बाहेर आलेलं किंवा एका बाजूला झिजून नळी टेकलेली दिसली तर बुश बदला. कंपनीसारखेच रबरी घ्या. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात खरे, पण ते जास्त ताठ असतात आणि योग्य ग्रीस नसलं की किरकिरतात. आपल्याला हवं ते नेमकं उलटं आहे. ग्रीसचं निप्पल असलेले बुश असतील तर ग्रीस गनने नवं ग्रीस बाजूने बाहेर डोकावेपर्यंत भरा.

पायरी ४: पाटे

पाटे दबताना एकमेकांवर घासत सरकतात. गंज आणि मातीचा थर बसला की ते सरकत नाहीत, एकजीव जाड पट्टीसारखे वागतात. मोठ्या खड्ड्यात ते कसेबसे सुटतात, पण छोट्या दगडांना जागचे हलत नाहीत. बारीक थरथर येते ती इथून.

चॅसीला स्टँडचा आधार देऊन ॲक्सल हळूहळू खाली लोंबकळू द्या. पाट्यांच्या टोकांमध्ये थोडी फट पडेल. तारेच्या ब्रशने घासा, पातळ पट्टीने माती खरवडून काढा, पाणी मारून पूर्ण वाळू द्या. मग कोरडं वंगण मारा, ग्रॅफाइटचं किंवा तसंच न चिकटणारं. साधं ग्रीस चोपडायचा मोह होतो, तो आवरा. त्याला धूळ चिकटते आणि महिन्याभरात पाट्यांमध्ये सँडपेपर तयार होतो. शिवाय पाट्यांच्या टोकांशी रबरी तुकडे असतील तर तेल-ग्रीसने ते फुगून खराब होतात.

टोकांशी प्लॅस्टिकचे चपटे तुकडे असतात ते बरेचदा झिजून गळालेले असतात. तेवढेच नवीन मिळतात आणि स्वस्तात मिळतात. जास्त हौस असेल तर पाटे पूर्ण उतरवून मध्ये घर्षण कमी करणारी पट्टी घालता येते, पण ते काम अनुभवी माणसाबरोबर करा. पाट्यात ताण साठलेला असतो. शिवाय पाटे ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट एकदा सोडले की नवेच घालावे लागतात, कारण आवळताना त्यांचे आटे ताणले गेलेले असतात.

‘एक पाटा काढून टाक’ हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मला तो नव्या माणसासाठी पटत नाही. एक पाटा गेला की गाडीची वजन पेलायची ताकद कमी होते, उरलेल्या पाट्यांवर ताण वाढतो आणि ते लवकर बसतात किंवा तुटतात. आधी खाली वाकून बघा. सगळ्यात खालचा जाड, सपाट हेल्पर पाटा रिकाम्या गाडीत वरच्या पाट्यांना टेकतच नसेल, तर तो काढून रिकाम्या गाडीत काहीच फरक पडणार नाही, फक्त माल भरल्यावर गाडी बसेल. सगळ्यात वरचा मेन पाटा आणि त्याच्या डोळ्याला (टोकाच्या गोल वळणाला) वेढा घालणारा दुसरा पाटा यांना तर हातही लावायचा नाही.

जाड पाटे टाकण्याबद्दल एक हिशेब सांगतो. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचा पाटा टाकला तर तो तेवढ्याच लांबीला जवळजवळ २.४ पट ताठ असतो. नुसतं २ मिलिमीटरने! म्हणून पाटे कधी बदलायची वेळ आलीच, तर मोजक्या जाड पाट्यांऐवजी संख्येने जास्त, पण पातळ पाट्यांचा संच मागा. तेवढंच वजन तो जास्त मऊपणे पेलतो.

पायरी ५: बंप स्टॉप

छोटं काम. ॲक्सल वर आला की चॅसीला लोखंड आदळू नये म्हणून हे रबर असतं. जुन्या गाड्यांत ते दगडासारखं कडक झालेलं, चिरलेलं किंवा चक्क पडून गेलेलं असतं. नखाने दाबून बघा. बदलताना हळूहळू दबत जाणारा, फोमचा किंवा पोकळ रबराचा घ्या. एकदम बसणारा ठोका त्याने मवाळ होतो. उंची मात्र मूळच्याइतकीच ठेवा. उंच घेतला तर ॲक्सल आधीच टेकेल.

पायरी ६: शॉकअप

शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही. स्प्रिंगचा झोका थांबवणं एवढंच त्याचं काम. म्हणून आखडलेले पाटे तसेच ठेवून महागडे शॉकअप घातले तर पैसे वाया जातात.

खरंच गेलाय का ते आधी तपासा. वर हलका ओलसर थर आणि त्यावर धूळ, हे चालतं. तेल ओघळत असेल तर तो गेला. टोकांचे रबर बघा, पुष्कळदा खडखड फक्त तिथून येते आणि दोन रबरांत काम भागतं. कोपरा दाबून सोडायची चाचणी ट्रकच्या ताठ पाट्यांवर फारशी कामाची नाही. त्यापेक्षा पंधरा मिनिटं खराब वाटेवर चालवा, थांबा आणि चारही शॉकअपना हाताची मागची बाजू जपून लावा. काम करणारा शॉकअप झोक्याची ताकद उष्णतेत बदलतो, त्यामुळे तो गरम लागतो. एकाच ॲक्सलवरचा एक गरम आणि दुसरा गार असेल, तर गार असलेला नुसता प्रवास करतोय. जवळून सायलेन्सरचा पाइप जात असेल तर त्याची ऊब धरून अंदाज बांधा.

बदलायचे तर एका ॲक्सलचे दोन्ही एकदम बदला. बजेट एकाच जोडीचं असेल तर पुढची-मागची जी बाजू जास्त डुलते ती आधी. ‘हेवी ड्यूटी’ शब्दाला भुलू नका, तो बरेचदा भरलेल्या गाडीसाठी असतो. गॅस भरलेला, मूळ लांबीचा साधा शॉकअप रिकाम्या ट्रकला पुरतो. गॅसच्या दाबामुळे तेलाला फेस कमी येतो आणि लांब पल्ल्यावर तो लवकर थकत नाही. लांबी जास्त झाली तर ॲक्सल बंप स्टॉपला टेकायच्या आधी शॉकअपच आतून टेकतो आणि तुटतो. वापरलेले शॉकअप घेऊ नका, आतलं काही दिसत नाही.

पुढे टॉर्शन बार असेल आणि कुणी बोल्ट फिरवून गाडीचं नाक उंच केलं असेल, तर ते पुन्हा मूळ उंचीवर आणा. उंची वाढते, पण चाकाची खाली जायची जागा जाते, आणि तोच तो उतरतानाचा ‘टक्’. त्यानंतर चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी लागेल.

पायरी ७: वजन, सीट आणि पाय

कायम रिकामा फिरणारा ट्रक असेल तर हौद्यात ८०-१०० किलो वाळूची पोती, मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, घट्ट बांधून ठेवून बघा. पाटे थोडे दबतात आणि झोका संथ होतो. ॲक्सलच्या मागे ठेवू नका, पुढची चाकं हलकी होतात. इंधन थोडं जास्त जाईल, हे धरून चला. सुटं वजन मात्र कधीच नको.

सीटचा फोम बसलेला असेल तर तो भरून घ्या. कारागीर जुनं कव्हर तसंच ठेवून आतला फोम बदलून देतो. इतक्या कमी पैशात अंगाला इतका आराम क्वचितच मिळतो. केबिन आणि चॅसीमधले रबर चेपलेले असतील तर त्यांचीही पाळी येईल, पण ते घाईचं नाही.

आणि चालवणं. खड्ड्यात ब्रेक दाबून धरू नका. ब्रेकने नाक आधीच खाली दबलेलं असतं आणि दणका पचवायला पुढच्या स्प्रिंगला जागा उरत नाही. आधी वेग कमी करा, चाक खड्ड्याच्या कडेवर येताना पाय उचला. वाटेत आडवा उंचवटा असेल तर थोडं तिरकं घ्या, म्हणजे दोन्ही चाकं एकदम चढत नाहीत. ज्या तुकड्यावर मोजमाप करताय तिथेच याचा सराव करा.

शेवटी रंगाची एक छोटी बाटली जवळ ठेवा. जे बोल्ट सैल करून आवळले, त्या प्रत्येकाच्या नटापासून पट्टीपर्यंत एक सरळ रेघ ओढा. पहिल्या खडबडीत फेरीनंतर, आणि मग शंभरेक किलोमीटरनंतर, टॉर्च घेऊन गाडीखाली वाका. रेघ तुटलेली दिसली तर तो नट फिरलाय, तो पुन्हा टॉर्कवर आवळा. यू बोल्ट नवे घातले असतील तर रेघ जुळलेली दिसली तरी त्यांना एकदा पाना लावाच.